पहिल्यांदाच लीड झालात? सॉफ्टवेअर प्रोजेक्टची टीम अशी बांधा

सोमवारी सकाळी मॅनेजरचा मेल येतो: अभिनंदन, या प्रोजेक्टची डिलिव्हरी आता तुमच्याकडे. सोबत एक एक्सेल शीट. त्यात चौदा नावं, प्रत्येकापुढे स्किल, अनुभवाची वर्षं आणि अलोकेशनचे टक्के, म्हणजे त्याचा किती वेळ या प्रोजेक्टला. दोघांपुढे पन्नास, एकापुढे पंचवीस. कोडिंग चांगलं येतं म्हणून तर तुम्हाला लीड केलं, पण या चौदा जणांचं करायचं काय हे कुणी शिकवलेलं नसतं. मग बहुतेक जण करतात तेच मीही केलं होतं. पॉवरपॉइंट उघडून चौकोन काढले, वरच्या चौकोनात माझं नाव, खाली बाकीचे. चार्ट देखणा झाला. प्रोजेक्ट दीड महिना उशिरा गेला.

हा लेख अशा नव्या लीडसाठी आहे. टीम हिंजवडी किंवा खराडीत बसलेली, क्लायंट अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये, असं धरून लिहिलंय. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत असाल तर टाइम झोनचा भाग सोडून द्या. पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: कोण कुणासाठी थांबलंय, आणि किती दिवस?

पायरी १: एका छोट्या कामाचा माग काढा

चार्टला हात लावण्याआधी जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि नुकतंच पूर्ण झालेलं एक छोटं काम निवडा. उदाहरणार्थ, ऑनलाइन खरेदीच्या साइटवर ‘वस्तू परत करा’ या फॉर्ममध्ये कारणांची नवी यादी टाकणं. क्लायंटने मागणी केली त्या दिवसापासून बदल प्रॉडक्शनला (लोक वापरतात त्या खऱ्या साइटवर) गेला त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या तारखा कागदावर उतरवा. कमेंट्स वाचा, जुने मेल चाळा, ज्यांनी काम केलं त्यांना विचारा.

माझ्या एका प्रोजेक्टमध्ये नेमकं असंच काम होतं. कोड लिहायला तीन तास लागले, टेस्टिंगला दोन. लाइव्ह गेलं बाराव्या दिवशी. क्लायंटकडून खुलासा यायला दोन दिवस गेले, डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवून मिळायला तीन, कोड रिव्ह्यूला (दुसऱ्याने कोड तपासायला) दोन, टेस्टरकडे नंबर लागायला तीन आणि रिलीजचा वार उजाडायला एक. अकरा दिवस ते काम कुणाच्या ना कुणाच्या रांगेत पडून होतं. तोपर्यंत मी डेव्हलपरांच्या मागे ‘जरा स्पीड वाढवा’ म्हणून लागलो होतो. त्यांनी दुप्पट वेगाने कोड लिहिला असता तरी दीड तास वाचला असता.

अशी तीन कामं तपासा: एक फीचर, एक बग आणि एक सध्या अडकून पडलेलं. दोन दिवसांत तुम्हाला जे कळेल ते चार आठवड्यांच्या स्टेटस मीटिंगमध्ये कळत नाही. सगळ्यात जास्त दिवस कुठे गेले त्यावर लाल पेनाने खूण करा. टीमची रचना त्या खुणेपासून सुरू होते.

पायरी २: टीम किती मोठी?

हिशोब सोपा आहे. पाच जणांत बोलण्याच्या दहा जोड्या होतात, सहांत पंधरा, चौदांत एक्क्याण्णव. माणसं तिपटीच्या आत वाढली तरी जोड्या नऊपट होतात, आणि प्रत्येक जोडी म्हणजे ‘अरे, मला वाटलं तू त्याला सांगितलंस’ म्हणण्याची एक नवी जागा. स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या २०२०च्या अधिकृत मार्गदर्शिकेत टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी असं म्हटलंय. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांचा दोन पिझ्झांचा नियम प्रसिद्धच आहे: दोन पिझ्झांत ज्यांचं पोट भरत नाही ती टीम फार मोठी. माझं माप आणखी घरगुती आहे. दुपारी कँटीनमध्ये एका टेबलावर डबे उघडून सगळ्यांना एकच गप्पा मारता येतात का? आठाच्या पुढे टेबलाची दोन टोकं वेगवेगळं बोलायला लागतात.

म्हणजे चौदांची एक टीम करायची नाही. दोन करायच्या. पण कशा पाडायच्या, इथे बहुतेक जण चुकतात.

पायरी ३: थर पाहून पाडू नका, काम पाहून पाडा

पहिला मोह असतो तो स्किलप्रमाणे पाडण्याचा: बॅकएंडची (पडद्यामागचा कोड) टीम, फ्रंटएंडची (दिसणारी स्क्रीन) टीम, टेस्टिंगची टीम. एक्सेलमध्ये कॉलम तसाच असतो, फिल्टर लावला की झालं. पण मघाचा तो फॉर्म आठवा. एका यादीसाठी काम तीन टीमच्या दारात उभं राहणार, आणि प्रत्येक दारात स्वतःची रांग.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडलेलं निरीक्षण प्रत्येक लीडने माहीत करून घ्यावं: संस्थेतली माणसं एकमेकांशी ज्या वाटांनी बोलतात, त्याच वाटांची नक्कल तिने बनवलेल्या सिस्टिममध्ये उतरते. तीन टीम केल्यात तर सॉफ्टवेअरचे तीन तुकडे होतील आणि बग सापडतील ते सांध्यांवर.

आता आपले चौदा घेऊ. समजा पाच बॅकएंड, तीन फ्रंटएंड, तीन टेस्टर, एक बीए (क्लायंटच्या गरजा समजून मांडणारा), एक डेव्हऑप्स (कोड लाइव्ह नेण्याची यंत्रणा सांभाळणारा) आणि एक डीबीए (डेटाबेस सांभाळणारा). ग्राहकाच्या नजरेने साइटकडे पाहिलं तर दोन ठळक वाटा दिसतात: वस्तू निवडून ऑर्डर देणं, आणि पैसे भरणं-परत मिळणं. म्हणून पहिली टीम ‘ऑर्डर’: तीन बॅकएंड, एक फ्रंटएंड, दोन टेस्टर. दुसरी ‘पेमेंट आणि परतावा’: दोन बॅकएंड, दोन फ्रंटएंड, एक टेस्टर. प्रत्येक टीमने आपलं फीचर मागणीपासून लाइव्हपर्यंत शक्यतो दुसऱ्या कुणाची वाट न पाहता न्यायचं.

उरले बीए, डेव्हऑप्स आणि डीबीए. टक्केवारीवाले हेच तिघे, आणि लाल खुणा बहुधा यांच्याच दारात सापडतात. त्यात त्यांचा दोष नसतो, चार प्रोजेक्ट त्यांच्या गळ्यात असतात. यांना अर्धं-अर्धं वाटू नका. त्यांचं रोजचं काम टीमच्या हातात द्या आणि त्यांना तपासणीला ठेवा. कॉलम वाढवण्याची स्क्रिप्ट बॅकएंडवाल्यानेच लिहायची, डीबीए मंगळवारी आणि गुरुवारी ठरलेल्या तासाला ती पाहणार. डेव्हऑप्सने टीमसाठी रिलीज करायचा नाही, टीमला स्वतः रिलीज करता येईल अशी पाइपलाइन उभी करून द्यायची. सुरुवातीला दोघेही कुरकुरतील. एका डीबीएने मला सरळ सांगितलं होतं, ‘उद्या टेबल उडालं तर माझ्याकडे येऊ नका.’ रास्त भीती आहे. म्हणून प्रॉडक्शनला जाणाऱ्या स्क्रिप्टवर शेवटचा होकार त्याचाच ठेवला. तीन दिवसांची वाट एका दिवसावर आली.

दोन टीम झाल्या की मधला सांधा मात्र तुमच्या जबाबदारीचा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरचा एक भाग लॉकहीड मार्टिनचा होता आणि त्यातून आकडे पौंड-सेकंदात येत होते. ते आकडे वापरणारी जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची टीम ते न्यूटन-सेकंदात आहेत असं धरून चालली होती. दोन्ही बाजूंना हुशार माणसं होती. प्रवासाच्या नऊ महिन्यांत काहीतरी जुळत नसल्याची शंका नेव्हिगेशनवाल्यांना आलीही होती, पण ती नीट नोंदवून तडीस गेली नाही.

आपल्याकडे मंगळ नसतो, रिफंड असतो. ‘ऑर्डर’ टीम रक्कम रुपयांत पाठवते आणि ‘पेमेंट’ टीम ती पैशांत (रुपयाच्या शंभराव्या भागात) आहे समजून वाचते. किंवा एकीकडे वेळ भारतीय, दुसरीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). म्हणून दोन टीममध्ये जे जे जाणार-येणार त्याचं एक पान लिहून घ्या: फील्डचं नाव, एकक, चलन, टाइम झोन, रिकामं आलं तर काय करायचं. त्या पानाला दोन मालक, प्रत्येक टीममधून एक. दोघांच्या संमतीशिवाय बदल नाही.

पायरी ४: प्रत्येक निर्णयापुढे एकच नाव

२०१३ साली १ ऑक्टोबरला अमेरिकेत आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट सुरू झाली. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकले फक्त सहा जण. कंत्राटदार कंपन्या डझनांनी होत्या, जो तो आपला तुकडा बरा आहे म्हणत होता. अख्खी साइट चालते की नाही हे पाहणारा स्पष्ट असा एक माणूस किंवा एक संस्था नव्हती. महिन्याच्या अखेरीस एका कंपनीला सगळं जुळवण्याची जबाबदारी दिली गेली, बाहेरून अनुभवी इंजिनिअर आणले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला साइट बहुतेकांसाठी चालू लागली.

तुमच्या चौदा जणांतही हेच छोट्या प्रमाणात घडतं. ‘हे कोण बघतंय?’ या प्रश्नाला ‘आम्ही सगळे’ असं उत्तर आलं की समजावं, कुणीच बघत नाहीये.

एक पान घ्या आणि निर्णय लिहा. माणसं नंतर. रिक्वायरमेंटमध्ये शंका आली तर शेवटचं उत्तर कुणाचं? दोन कामं भांडली तर आधी कुठलं? रिलीज जाणार की थांबणार? रात्री प्रॉडक्शन पडलं तर पहिला फोन कुणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कुणाला? क्लायंटला ‘हे या वेळी जमणार नाही’ असं कोण सांगणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्यापुढे नाव नसेल तर नाही म्हणणारं कुणीच नाही, आणि मग स्प्रिंटमध्ये (कामासाठी ठरवून घेतलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्यात) कामं शिरतच राहतात.

बऱ्याच कंपन्यांत यासाठी जबाबदार, उत्तरदायी, सल्ल्याचा, माहितीपुरता अशा चार खान्यांचा तक्ता भरून घेतात. भरायचा असेल तर भरा, ऑडिटला लागतो. पण रोजच्या कामात एकच खाना वाचला जातो, शेवटचा शब्द कुणाचा याचा. तिथे दोन नावं आली की तो खाना रिकामाच समजा.

आणि एक: सगळ्या ओळींपुढे तुमचंच नाव लिहू नका. नवा लीड हे हमखास करतो, मीही केलं. तुम्ही तापाने झोपलात की अख्खी टीम थांबते. तिसऱ्या पायरीत जी रांग मोडली तीच तुमच्या टेबलासमोर पुन्हा लागते.

पायरी ५: ‘हो सर, होईल’ म्हणजे नक्की काय?

परदेशी पद्धतीच्या मार्गदर्शकांत हे सापडत नाही. आपल्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाचा मुलगा लीडला तोंडावर नाही म्हणत नाही. शाळेपासून घरापर्यंत त्याला ते शिकवलेलंच नाही. तुम्ही विचारता, ‘गुरुवारपर्यंत होईल ना?’ तो म्हणतो, ‘हो सर, करतो.’ त्या ‘हो’चा अर्थ ‘मी ऐकलं’ एवढाच असू शकतो. बुधवारी संध्याकाळी कळतं की एपीआयचा (दुसऱ्या सिस्टिमशी जोडणाऱ्या दुव्याचा) ॲक्सेसच मिळालेला नाही, आणि तो मिळत नाहीये हे त्याला सोमवारीच माहीत होतं.

यावर उपाय आहेत, पण ते ‘मोकळेपणाने बोला रे’ असं म्हणून होत नाहीत. प्रश्न बदला. ‘होईल ना?’ला हो सोडून दुसरं उत्तर देता येत नाही. ‘यात कुठे अडेल असं वाटतं?’ याला काहीतरी सांगावंच लागतं. ‘किती झालं?’ विचारलं की उत्तर ऐंशी टक्के येतं, पुढचे दोन आठवडे तेच येत राहतं. ‘दाखव बरं, स्क्रीन शेअर कर’ म्हटलं की खरं काय ते दोन मिनिटांत दिसतं.

अंदाज मागताना आधी सीनियरला बोलू देऊ नका. सगळ्यांनी आपापले आकडे चिठ्ठीवर किंवा चॅटमध्ये लिहायचे, एकदमच उघडायचे. सीनियरने दोन दिवस म्हटलं आणि सगळ्यात नव्या मुलीने सहा, तर आधी तिला विचारा. बऱ्याचदा तिने असं काही पाहिलेलं असतं जे बाकीच्यांच्या ध्यानात नाही. हेल्थकेअर डॉट गव्ह सावरताना रोजच्या बैठकीचा एक नियमच होता: ज्याला त्या प्रश्नाची सगळ्यात जास्त माहिती आहे त्याने बोलायचं, ज्याचा हुद्दा मोठा त्याने नव्हे.

वाईट बातमी आणणाऱ्याशी पहिल्या वेळी तुम्ही कसे वागता, ते टीम लक्षात ठेवते. कुणी येऊन ‘माझ्याकडून चुकीचा डेटा डिलीट झालाय’ म्हणाला तर तेव्हा आवाज चढवू नका. पुढच्या वेळी तो सांगायला येणार नाही, डेटा मात्र उडणारच. ‘सर’ऐवजी नावाने हाक मारायला सांगणं मला आवडतं, पण कुणाला ते जड जात असेल तर आग्रह नको. ‘दादा’ म्हणणारी मुलंही खरं सांगतात, फक्त आधी तुम्ही एकदा ‘माझं चुकलं’ म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं असावं लागतं.

पायरी ६: रोजचं स्टँडअप

पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक, प्रत्येक टीमची वेगळी. एकेकाने ‘काल हे केलं, आज हे करणार’ म्हणत हजेरी लावायची पद्धत सोडा. कामांचा बोर्ड (डावीकडे सुरू न झालेली कामं, उजवीकडे संपत आलेली) उघडा आणि उजवीकडून सुरू करा: जे काम संपायला सगळ्यात जवळ आहे ते आधी. ते आज संपायला काय हवं? मग डावीकडे सरका. वेळ संपला तर सुरूच न झालेली कामं राहतील, काही बिघडत नाही.

बोर्डवर एका वेळी किती कामं चालू असावीत याला मर्यादा घाला. सहा जणांच्या टीमला चार चालू कामं पुरतात. ‘मग दोघं रिकामे बसतील’ अशी ओरड होईल. बसू देत, म्हणजेच रिव्ह्यू करू देत, टेस्टरला हात देऊ देत. ही कल्पना टोयोटाच्या कारखान्यांतल्या कानबानमधून आलेली आहे. पुढच्या टप्प्याने माल उचलल्याशिवाय मागच्या टप्प्याने नवा बनवायचाच नाही, हे तिचं मूळ.

दोन आठवड्यांनी रेट्रोस्पेक्टिव्ह (काय नीट झालं, काय नाही हे पाहणारी बैठक) घ्या, पण त्यातून एकच बदल निवडा. दहा मुद्द्यांची यादी पुढच्या वेळी कॉपी-पेस्ट होऊन परत येते.

पायरी ७: घड्याळ आणि कॅलेंडर

न्यू जर्सीचा क्लायंट सकाळी साडेआठला कॉल ठेवतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, इंग्लंडची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. क्लायंट दोन्हीकडे असेल तर मधल्या आठवड्यांत हमखास कुणीतरी रिकाम्या कॉलवर बसून राहतं. तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका.

उशिराचे कॉल ठरावीक दोघांच्याच गळ्यात पडू देऊ नका, पाळी लावा. ज्यांना घरी लहान मूल आहे किंवा शेवटची कंपनीची बस गाठायची आहे त्यांच्याशी आधी बोला. आणि निघताना दहा ओळींचा हँडओव्हर लिहायची सवय लावा: काय झालं, काय अडलंय, तुमच्याकडून नेमकं काय हवंय. चांगला प्रश्न संध्याकाळी लिहून ठेवला तर सकाळी उत्तर तयार असतं. मोघम लिहिला तर उलट प्रश्न येतो आणि एक दिवस जातो.

सुट्ट्यांचं म्हणाल तर, कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणारच. त्याने रिझर्व्हेशन कधीच केलेलं असतं, तुम्हाला सांगायचं राहिलेलं असतं. जूनमध्येच विचारा. दिवाळी, मग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं थँक्सगिव्हिंग, मग नाताळच्या आधी क्लायंटकडचा कोड फ्रीझ (नवे बदल बंद), हे सगळं लागोपाठ येतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचा प्लॅन कागदावर दिसतो त्याच्या निम्मा धरा.

पायरी ८: येणारे आणि जाणारे

नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असला तरी राजीनामा दिलेल्या माणसाचं मन दुसऱ्याच आठवड्यात निघून जातं. शेवटच्या आठवड्यातली केटी (आपल्या कामाची माहिती दुसऱ्याला सोपवणं) म्हणजे दहा रेकॉर्डिंग, जी पुढे कुणी उघडत नाही. आजच एक यादी करा: प्रत्येक मॉड्यूलपुढे ते ज्यांना कळतं त्यांची नावं. जिथे एकच नाव असेल तिथलं पुढचं काम दुसऱ्याला द्या आणि जाणकाराला शेजारी बसवा. काम सावकाश होईल. होऊ द्या.

नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून एखादा छोटा बदल प्रॉडक्शनला गेला पाहिजे, मग ती एखाद्या मेसेजमधली शुद्धलेखनाची चूक का असेना. त्या निमित्ताने त्याला ॲक्सेस, रिव्ह्यू, पाइपलाइन सगळं दिसतं, आणि तुमची कागदपत्रं कुठे जुनी झालीत ते तुम्हाला दिसतं.

डेडलाइन जवळ आली, काम मागे पडलं, की वरून निरोप येतो: ‘बेंचवरचे (सध्या प्रोजेक्ट नसलेले) चार रिसोर्स देतो.’ माणसाला रिसोर्स म्हणणं मला आजही खटकतं, पण ते असो. आयबीएममध्ये सिस्टिम ३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या चौघांना शिकवायला तुमचे जुने दोघे लागतात आणि जोड्याही वाढतात. नम्रपणे विचारा, चार जणांऐवजी दोन फीचर पुढच्या रिलीजला ढकलता येतील का? नाहीच जमलं आणि माणसं घ्यावीच लागली तर त्यांना वेगळं, तुटक काम द्या: टेस्ट डेटा, रिपोर्ट, जुने किरकोळ बग.

हे सगळं लावून झालं की सहा आठवडे रचनेला हात लावू नका. पहिले दोन आठवडे सगळं आधीपेक्षा संथ वाटेल, कुणीतरी जुन्या पद्धतीची आठवण काढेल. सहा आठवड्यांनी पुन्हा एक छोटं काम निवडा, शक्यतो पहिल्यासारखंच, आणि तारखा उतरवा. आमचं दुसऱ्यांदा सात दिवसांवर आलं होतं. डीबीए आणि टेस्टर या खुणा गेल्या होत्या. उरलेली मोठी खूण होती ती रिव्ह्यूची, आणि तिच्यापुढे माझंच नाव होतं.